साहेबांची टाकी

मित्रांनो, माझ्याकडे बघणाऱ्या माणसाला मी दिसतच नाही. त्याला माझ्यातलं पाणी दिसतं, पाण्यातली झाडं दिसतात, त्यातून फिरणारा जीव दिसतो. काचेचं नशीबच तसं. मी एक जुनी काचेची टाकी. अंगावर पांढरट डाग पडले आहेत, एका बाजूला ओरखडे आहेत आणि माझ्या पोटात आता एकच जीव राहतो. त्याला घरात साहेब म्हणतात. साहेबांबद्दल सांगितल्याशिवाय मला स्वतःबद्दल काही सांगताच येणार नाही.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. तिथे आरसे, खिडक्यांची तावदानं आणि फोटोच्या चौकटी बनायच्या. काचवाल्याने काच कापायच्या हिरकणीने रेघ मारली, टेबलाच्या कडेवर हलकेच दाबलं आणि एका मोठ्या काचेचे तुकडे झाले. चार बाजू आणि एक तळ, एवढीच मी. मला जोडून झाल्यावर तो वर्तमानपत्राच्या बोळ्याने मला पुसत बसला. शेजारच्या चहावाल्याने विचारलं, किती वेळ घासणार? तो म्हणाला, "ही दिसेनाशी झाली की समजायचं, साफ झाली." हेच माझं पहिलं कौतुक.

मला घ्यायला एक बाई आल्या. ओढणीने घाम पुसत, हातातली औषधांची पिशवी सांभाळत त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मोठी आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. लांबून दिसली पाहिजे, खुर्चीतून. घरी त्यांचे सासरे होते.

त्या सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. भाजीच्या मोठ्या बाजारात लिलाव पुकारण्यात आबांचा जन्म गेला होता. या टोकाला त्यांनी आवाज लावला की त्या टोकाचा हमाल पाठीवरच्या पोत्यासकट वळून बघायचा, असं म्हणत. एक वार, दोन वार, तीन वार! तीन वार झाले की माल गेला. मग कुणी कितीही हुज्जत घालो, आबा ऐकत नसत. एका सकाळी बाजारातच त्यांचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि ते पोत्यांच्या थप्पीवर कलंडले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवी बाजू गेली होती आणि सगळे शब्दही गेले होते. राहिले होते फक्त दोन. तीन वार.

तहान लागली, तरी तीन वार. पंखा बंद करायचा, तरी तीन वार. नातीने गालाला गाल लावला, तरीही तीन वारच. आतमध्ये सगळं जागच्या जागी होतं हो! सगळं कळत होतं. बाहेर पडायच्या दारात मात्र तेच दोन शब्द अडून बसले होते. सून बिचारी आवाजाच्या चढउतारावरून ओळखायला शिकली. बहुतेक वेळा तिचा अंदाज बरोबर यायचा.

डॉक्टर म्हणाले होते, यांच्यासमोर काहीतरी हलतं ठेवा, भिंतीकडे बघत बसू देऊ नका. म्हणून मी आले. खिडकीजवळच्या लाकडी टेबलावर मला ठेवलं, तळाशी वाळू पसरली, दोन झाडं लावली, मोटर बसवली, बुडबुडे सुरू झाले. मग आले गप्पी मासे, शेपट्या फुलवत. आणि त्यांच्याबरोबर आला एक शेंदरी मासा, शेपटीला तलवारीसारखं टोक असलेला. नातीने त्याचं नाव ठेवलं शेंदऱ्या. नातीचं स्वतःचं घरातलं नाव टिकली, कारण ती जन्मली तेव्हा एवढीशी होती.

शेंदऱ्या मोठा लाघवी मासा. आबांनी डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं की तो लगेच येऊन बोटासमोर थांबायचा. आबा बोट डावीकडे न्यायचे, तो डावीकडे. उजवीकडे न्यायचे, तो उजवीकडे. खाण्याचा डबा आबांच्या खुर्चीशेजारी असायचा. सकाळी चिमूटभर दाणे पाण्यावर टाकायचे, हे घरातलं एक काम आबांचं होतं. ज्या माणसाला घोटभर पाणीसुद्धा दुसऱ्याच्या हातून प्यावं लागतं, त्याला चिमूटभर दाणे दुसऱ्याला घालता येणं म्हणजे काय, ते मी फार जवळून पाहिलं. माझ्या आणि त्या हाताच्या मध्ये वीतभरसुद्धा अंतर नव्हतं.

टिकलीच्या वाढदिवसाला तिच्या बाबांनी विचारलं, काय हवं? तिला बेडूक हवा होता. माशांच्या दुकानात तिने पाहून ठेवला होता. पाण्यातच राहणारा, फिकट रंगाचा, रुपयाएवढा बेडूक. आईने कपाळाला हात लावला. पण दुकानदाराने सांगितलं, "हे एवढेच राहतात. माशांबरोबर तर मजेत राहतात." खोटं बोलायचं म्हणून तो बोलला नाही. त्याच्याकडे ज्या टबात ते बेडूक आले होते, त्यात दोन जातींची पिल्लं मिसळलेली होती. एक जात खरंच बोटाच्या दोन पेरांएवढी राहते. दुसरी राहत नाही. लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. त्यालाही कळलं नाही, यांनाही कळलं नाही. माझ्यात आला तो दुसऱ्या जातीचा.

पहिल्याच दिवशी तो हात पसरून, पाय ताणून पाण्याच्या मधोमध नुसता तरंगत राहिला. डोळे डोक्यावर, तोंड रुंद, चेहऱ्यावर कसलंच आश्चर्य नाही. बाबा म्हणाले, आमच्या ऑफिसातले साहेब दुपारी असेच बसतात. झालं, नाव पडलं साहेब! मग टिकलीने एक दाणा टाकला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी तोंडात असा कोंबला, की जणू कुणी हिसकावून घेणार आहे. बेडकाला जीभ असते म्हणतात, पण या जातीला ती नसते. म्हणून सगळं हाताने ढकलावं लागतं. ते पाहून आबा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा हसले. अर्ध्याच तोंडाने हसले, पण आवाज पूर्ण होता. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, हातात पीठ तसंच.

मित्रांनो, त्या दिवशी मला वाटलं, आपल्यासारखी सुखी टाकी कुठे नसेल.

साहेब वाढू लागले. आधी रुपयाचे सुपारीएवढे झाले, सुपारीचे लिंबाएवढे. कधी कधी अंगावरची पातळ कात सदऱ्यासारखी डोक्यावरून ओढून काढायचे आणि तीच खाऊन टाकायचे. अंगाच्या दोन्ही बाजूंना शिवणीच्या टाक्यांसारख्या रेघा होत्या. पाण्यात जरा काही हललं की त्यांना त्या रेघांनी कळायचं. मागच्या पायांना काळी, अणकुचीदार नखं होती. रोज ती नखं माझ्या काचेवरून सरकायची. टिकलीच्या मैत्रिणी बघायला यायच्या, नाक माझ्यावर चेपून उभ्या राहायच्या. सगळ्यांना साहेबांचं कौतुक. किती धष्टपुष्ट झालेत, असं आई म्हणायची. एवढेच राहतात म्हणालेल्या दुकानदाराची कुणाला आठवणही झाली नाही. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही.

पहिला गप्पी गेला तो संध्याकाळी. दिवे लागायच्या आधी पाणी करडं होतं, त्या वेळी. तो झाडाच्या पानाखाली विसाव्याला आला होता. साहेब तिथेच होते, पानासारखेच निश्चल. पाणी एकदा हललं, आणि मग नुसती शेपटी दिसत होती, तीही दोन हातांनी आत ढकलली गेली. साहेब लगेच आपल्या जागी जाऊन बसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. जवळून काही हलत गेलं की ते तोंडात घालायचं, एवढंच त्यांना जन्मापासून माहीत. आणि गप्पीला लांब कुठे जायला मी जागा दिली नव्हती. माझ्या चार भिंतींत पळून पळून पळणार कुठे?

मी पाहिलं. मी काय करणार? मला तोंड नाही. माझ्या समोर आबा बसले होते, त्यांनीही पाहिलं. ते ओरडले, तीन वार! सूनबाईंनी येऊन पंखा बंद केला. ते पुन्हा ओरडले. त्यांनी पंखा पुन्हा लावला.

त्यानंतर मासे कमी कमी होत गेले. पाणीही गढूळ व्हायला लागलं, कारण एवढ्या मोठ्या जिवाची घाण साफ करणं त्या छोट्या मोटरला झेपेना. बाबांनी दुकानदाराला फोन करून विचारलं. तो म्हणाला, खाणं जास्त पडत असेल, ते कुजतं, पाणी नासतं, मासे मरतात आणि मेलेल्या माशाला बाकीचे मासे फस्त करतात. ऐकायला सगळं पटण्यासारखं होतं. बाबांनी फोन ठेवला आणि आबांकडे पाहिलं. आबांचा डावा हात थरथरतो, चिमटीतून जास्त दाणे पडतात, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

कुणी आबांना रागावलं नाही. बाबांनी फक्त डबा उचलला आणि कपाटावर ठेवला. "आबा, आता आम्ही घालत जाऊ. तुम्ही नुसतं बघा."

आबांनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हात उचलून साहेबांकडे बोट दाखवलं. टिकलीला वाटलं, आजोबा साहेबांशी खेळताहेत. तिनेही बोट दाखवलं आणि हसली. आबांनी हात खाली ठेवला.

त्या दिवसापासून आबांची सकाळ रिकामी झाली. खाणं घालायचं काम सूनबाईंकडे आलं. त्यांना सकाळी डबे करायचे असत, आबांची अंघोळ असे, मग कापडाच्या दुकानातली नोकरी. दाणे कधी दुपारी पडायचे, कधी संध्याकाळी, कधी पडायचेच नाहीत. दोष तरी कुणाला द्यायचा? साहेबांची भूक मात्र घड्याळ बघत नव्हती.

शेंदऱ्याची पाळी आली तेव्हा आबांचं बोट काचेवर होतं. रोजच्यासारखा तो बोटासमोर येऊन थांबला होता. साहेब खालून आले. शेंदऱ्या मोठा होता, एका घासात मावला नाही. तो तडफडत होता आणि साहेब दोन्ही हातांनी त्याला आत ढकलत होते, मागच्या नखांनी ओढत होते. आबांनी पंजा काचेवर आपटला. एकदा, दोनदा, कितीदा तरी. मी थरथरले, पाणी थरथरलं, पण साहेबांनी सोडलं नाही. सोडायचं कसं ते त्यांना ठाऊकच नाही. आबा ओरडत होते तेच दोन शब्द, बाजारात ओरडत तसे, घसा फाटेस्तोवर.

सूनबाई धावत आल्या. त्यांच्या डोक्याला रुमाल बांधलेला, दिवसभर ताप अंगावर काढून त्या नुकत्याच कामावरून परतल्या होत्या. त्यांनी पाणी आणलं, आबांनी पेला उडवून लावला. गोळी आणली, ती फेकली. उठवून संडासाला न्यायला लागल्या, तर त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला आणि पुन्हा काचेकडे बोट केलं. तोवर काचेमागे बघण्यासारखं काही राहिलं नव्हतं. साहेब तळाशी शांत बसले होते, पोट तेवढं तट्ट फुगलेलं.

सूनबाई तिथेच जमिनीवर बसल्या, सांडलेल्या पाण्यात. "आबा, मलाही एकच जीव आहे. तुम्हाला काय पाहिजे ते मला नाही कळत. खरंच नाही कळत."

त्या आबांशी इतक्या वर्षांत अशा बोलल्या नव्हत्या. आबांनी मान वळवली, खिडकीबाहेर पाहिलं, आणि पुढे बरेच दिवस माझ्याकडे बघितलंच नाही. डॉक्टरांनी भिंतीकडे बघू देऊ नका म्हटलं होतं. आता ते भिंतीकडेच बघत बसायचे.

त्या खोलीत आम्ही दोघंच होतो, ज्यांना सगळं ठाऊक होतं. एकाला बोलता येत नव्हतं आणि दुसरी काच होती.

मग ती दुपार आली. बाबांनी मोटर धुवायला काढली होती, झाकण परत ठेवताना नळीसाठीची फट तशीच उघडी राहिली. झाकण माझं असलं तरी ते लावायला मला हात कुठे? टिकली शाळेत, बाबा कामावर. सूनबाई औषधं आणायला कोपऱ्यापर्यंत गेल्या होत्या. साहेबांना दोन दिवस पोटभर मिळालं नव्हतं. ते वर आले, हवा घेतली, फटीशी नाक लावलं आणि पायांनी असा जोर केला की झाकण सरकलं. पुढच्या क्षणी ते माझ्या काठावर होते आणि त्याच्या पुढच्या क्षणी फरशीवर थप्पकन पडले.

पाण्यात एवढे रुबाबदार साहेब जमिनीवर काहीच नव्हते. त्यांना नीट चालता येईना, बसता येईना. फरपटत ते कपाटाखाली गेले आणि केस, धूळ, कापसाचे धागे अंगाला चिकटवून परत बाहेर आले. मऊ ओली कातडी कोरडी पडायला लागली. हालचाल मंद होत गेली. शेवटी ते आबांच्या खुर्चीपासून दोन हातांवर थांबले. गळा तेवढा हलत होता.

मी भरलेली होते. काठोकाठ पाणी होतं माझ्यात. आणि एक थेंबही मला त्यांच्यापर्यंत पोचवता येत नव्हता.

आबांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. शेंदऱ्याला ज्याने त्यांच्या बोटासमोरून नेलं, ज्याच्यामुळे त्यांचा डबा गेला, तो जीव पायाशी मरत होता, आणि त्यासाठी आबांना काहीच करायला नको होतं. नुसतं बसून राहिलं तरी पुरे होतं. आबांनी हाक मारली, तीन वार. दार बंद होतं. पुन्हा मारली. जिन्यात कुणी नव्हतं.

मग त्यांनी डाव्या हाताने शेजारची पाण्याची बाटली ओढली, झाकण दातांत धरून फिरवलं आणि ती बगलेत धरून खुर्चीवरून खाली सरकायला सुरुवात केली. सरकले कसले, पडलेच. उजवा खांदा आधी आपटला. तोंडातून आवाज निघाला, तो शब्द नव्हता. तरी बाटली सुटू दिली नाही. कोपरावर अंग ओढत ते साहेबांपर्यंत गेले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्यावर टाकला आणि त्यावर सगळं पाणी ओतलं. मग त्या ओल्या पंच्यावर आपला पंजा ठेवून तिथेच गाल फरशीला टेकून पडून राहिले.

सूनबाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांना फक्त जमिनीवर पडलेले आबा दिसले. औषधांची पिशवी हातातून गळाली. त्या नाडी बघत होत्या, रडत होत्या, शेजारच्या काकूंना हाका मारत होत्या. आबांना उठवायला गेल्या तर आबा पंच्यावरचा हात उचलू देईनात. मोठ्या मुश्किलीने त्यांनी स्वतःच तो थोडासा उचलला. पंचा हलला.

साहेब वाचले. आबांचा खांदा मात्र पुढे कितीतरी दिवस काळानिळा होता.

साहेबांच्या पायाला खरचटलं होतं, म्हणून टिकलीने हट्ट धरला आणि सूनबाई त्यांना बादलीत घालून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. तिथे जे झालं ते त्यांनी घरी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं, म्हणून मला कळलं. डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला, मग पुढच्या हातांची बोटं बघितली. विचारलं, याच्याबरोबर मासे आहेत का?

सूनबाई म्हणाल्या, होते.

डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. हा नखवाला बेडूक. तळहाताएवढा होतो. तोंडात मावेल ते खातो, म्हणून माशांबरोबर कधीच ठेवायचा नसतो. पुढच्या बोटांमध्ये पडदा असेल तर ती छोटी जात. याची बोटं सुटी आहेत, बघा. जगतो पंधरा-वीस वर्षं, नीट ठेवला तर आणखीही. आणि एवढा आकार मादीचाच असतो, तेव्हा हे साहेब नसून बाईसाहेब आहेत. बाबांना हसू आलं, पण कुणीच साथ दिली नाही म्हणून ते खोकले. नाव काही बदललं नाही. साहेब ते साहेबच राहिले.

सांगून झाल्यावर सूनबाई स्टूल ओढून आबांसमोर बसल्या. पदराशी चाळा करत होत्या. "आबा, तुम्ही हेच सांगत होतात ना? रोज सांगत होतात. आणि मी तुम्हाला गोळ्या देत होते."

"तीन वार," आबा म्हणाले. इतक्या हळू आवाजात लिलाव कधी कुणी पुकारला नसेल.

बाबा उठले, कपाटावरचा डबा काढला आणि खुर्चीशेजारी ठेवला. आबांनी काही दाखवलं नाही. पण त्या रात्री जेवताना आबांनी दोन वेळा भात मागून घेतला, असं टिकली पुढे कित्येक दिवस सांगायची.

माझ्यात दोन गप्पी उरले होते. ते शेजारच्या काकू बरणीतून घेऊन गेल्या. मग प्रश्न आला साहेबांचा. दुकानदार परत घेईना. बाबा म्हणाले, गावाबाहेर तळं आहे, तिथे सोडू, मोकळं आयुष्य मिळेल. डॉक्टरीणबाईंनी तेही बजावून ठेवलं होतं. हा इथला जीव नाही, तळ्यातली पिल्लं, बारीक मासे सगळं खाऊन टाकेल, शिवाय याच्या अंगावरचा रोग इथल्या बेडकांना लागला तर तेही जातील. पण बाबा कंटाळले होते. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी बादली उचलली आणि निघाले. मी रिकामी, मोटर बंद, खोलीत कसलाच आवाज नाही. आबा दाराकडे बघत बसले होते.

दुपारी बाबा परत आले. बादली जड होती. "काठाला बारीक बारीक मासे होते," एवढंच म्हणाले आणि साहेबांना माझ्यात ओतलं.

त्यानंतरची वर्षं बरी गेली. मोठी मोटर आली, झाकणाला चाप लागले. टिकली कुंडीतले गांडूळ शोधून आणायची आणि आबा चिमट्याने एकेक पाण्यात धरायचे. साहेब यायचे, दोन्ही हातांनी कोंबायचे. आबा हसायचे, पण पहिल्यासारखे नाही. मधूनमधून त्यांचं बोट काचेवर जायचं आणि रिकाम्या पाण्यासमोर थांबायचं. साहेबांना बोटामागे फिरता येत नव्हतं. शेंदऱ्याची जागा भरून काढणं त्यांच्या हातात नव्हतं, जसं त्याला न खाणंही नव्हतं. आबांना ते कळलं होतं, असं मला वाटतं. मी विचारू शकले नाही.

आबा गेले ते झोपेतच. खुर्ची काही दिवस तिथेच होती, मग ती आतल्या खोलीत गेली.

आता टिकली शिकायला दूर असते. बाबांना बादली उचलवत नाही. सूनबाईंचे केस पांढरे झाले आहेत, गुडघे दुखतात. तरी दर रविवारी त्या एका मगाने माझं अर्धं पाणी काढतात आणि आदल्या दिवशी भरून ठेवलेलं शिळं पाणी मगामगाने घालतात, नळाचं ताजं पाणी साहेबांना सोसत नाही म्हणून. घरातल्या कुणाचं करून आपण दमलो असं त्या म्हणत नाहीत. फक्त एकदा फोनवर टिकलीला विचारताना मी ऐकलं, "अजून किती वर्षं गं असतो हा?" पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याचा मग उचलला.

साहेबही म्हातारे झाले आहेत. तळाशी बसतात, श्वासासाठी वर येतात, पुन्हा तळाशी जातात. मागून घेतलेलं आयुष्य नव्हे ते. एका मुलीला एका दुपारी आवडले, एका दुकानदाराला माहीत नव्हतं, एवढ्यावरून ते या चार काचांमध्ये आले आणि इथेच संपतील. त्यांना कुणी विचारलं नाही. त्या गप्पींनाही नाही. मलाही नाही.

मित्रांनो, तुम्हाला एखादा जीव आवडला तर घरी आणण्याआधी थोडं थांबा. तो किती मोठा होतो, किती वर्षं जगतो, काय खातो, कुणाबरोबर राहू शकतो, हे एकाला नाही, दोघाचौघांना विचारा. आणि आणलाच, तर मग शेवटपर्यंत त्याचे व्हा. तळ्यात, नाल्यात सोडून देऊन सुटका करून घेऊ नका.

आणखी एक सांगायचं आहे. माझ्या मागच्या बाजूला, भिंतीकडच्या कोपऱ्यात, दोन काचांचा जोड आता जुना झाला आहे. गेल्या उन्हाळ्यापासून तिथून पाणी पाझरतं. थेंब मोठा नाही. तो टेबलाच्या लाकडात मुरतो आणि कुणाला दिसत नाही. सूनबाईंना वाटतं, उकाड्याने पाणी आटतं, म्हणून त्या एक मग जास्त घालतात. रविवारी त्या माझी पुढची काच पुसतात, अगदी लख्ख पुसतात. मागे त्यांचा हात पोचत नाही. एक दिवस तो जोड सुटेल. तेव्हा त्या घरात असतील की बाजारात, मला माहीत नाही. मी तर सांगू शकत नाही, आणि साहेब आपल्या जागी शांत बसले आहेत.

तुमच्या घरी अशी टाकी असेल, तर आज तिच्या मागे हात घाला आणि कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवून बघा.